मुलांच्या वाचनाला घराचा आधार

शास्त्रपाठ : अनुवाद ६:४-९, नहेम्या ८:१-८, प्रेषितांची कृत्ये ८:२६-३५, २ तीमथ्य १:५ व ३:१४-१७

वाचकहो, पुढील प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडला असेल. मे महिन्याची सुटी आहे. बेंगळूरुला राहणारी लेक आपल्या मुलांसह जालन्याला, मिरजेला किंवा सोलापूरला माहेरी आली आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर कुटुंबाची प्रार्थना सुरू होते. आजी आपले जुने, कडा झिजलेले पवित्र शास्त्र दहा वर्षांच्या नातवापुढे ठेवते आणि म्हणते, "आजचं स्तोत्र तू वाच, बाळ." नातू हुशार आहे. इंग्रजीची जाडजूड पुस्तके तो दोन दिवसांत संपवतो. रस्त्यावरील कन्नड पाट्या तो आईबापांना वाचून दाखवतो. परंतु येथे तो पहिल्याच ओळीत अडखळतो, दुसऱ्या ओळीत थांबतो आणि आईकडे पाहतो. आई ओशाळून म्हणते, "आई, त्याचं मराठी वाचायचं राहूनच गेलं." आजी काही न बोलता पुस्तक आपल्याकडे ओढून घेते आणि स्वतः वाचते.

या प्रसंगात कोणी कोणाला दोष दिलेला नाही, आणि तरीही काहीतरी तुटले आहे. ज्या पुस्तकाच्या समासात आजीने चाळीस वर्षे बारीक अक्षरांत टिपणे केली, ते पुस्तक नातवाला बंद झाले आहे. हा केवळ एका भाषेचा प्रश्न नव्हे. मुलाने कोणत्या भाषेत वाचावे याबरोबरच मूल वाचक कसे होते, आणि त्यात घराचा वाटा कोणता, हे प्रश्नही येथे उभे राहतात. प्रस्तुत पाठात आपण त्यांचा विचार करू. बेंगळूरुचे उदाहरण समोर ठेवले आहे. पण बडोदा, इंदूर, हैदराबाद येथील आणि खुद्द पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांत मुले पाठवणाऱ्या पालकांनाही ते लागू पडेल.

शाळेचे काम व घराचे काम

"वाचायला शिकवणे हे शाळेचे काम आहे, त्यासाठी तर आपण फी भरतो," असे पुष्कळ पालक म्हणतात. अक्षरओळख, शुद्धलेखन, व्याकरण ही शाळेची कामे खरीच. पण शाळेच्या एका वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात. एकेका मुलाजवळ बसून त्याचे वाचन ऐकावे इतका वेळ शिक्षकांना कोठून मिळणार? ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात २०२४ साली असे दिसून आले की पाचवीतील मुलांपैकी सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत होता. ही मुले शाळेत जात नव्हती असे नाही. शाळेत जाणे आणि वाचक होणे या दोन गोष्टी एक नाहीत, एवढे यावरून समजावे.

दुसऱ्या टोकाला असे काही पालक आहेत की जे घराचीच शाळा करतात. ते घड्याळ लावून बसवतात, चुका मोजतात आणि शेजारच्या मुलाशी तुलना करतात. याने मूल वाचावयास शिकले तरी वाचनावर प्रीती करावयास शिकत नाही. घराचे काम शाळेहून वेगळे आहे. मुलाच्या मनात पुस्तक आणि प्रेमाचे माणूस यांची गाठ घालून देणे हे ते काम होय. शाळा कितीही चांगली असली तरी हे काम ती घराच्या वतीने करू शकत नाही.

पवित्र शास्त्रातील एक घर व एक रथ

तीमथ्याचे घर पाहा. त्याची आई युनीके यहूदी होती आणि वडील हेल्लेणी होते (प्रे. कृ. १६:१). हे घर यरुशलेमेपासून शेकडो मैल दूर, परभाषी लोकांच्या वस्तीत होते. आज बेंगळूरुत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ही परिस्थिती अनोळखी वाटू नये. अशा घरात तीमथ्य बालपणापासून पवित्र लेखांशी परिचित झाला, असे पौल त्याला आठवण करून देतो. त्याच्या विश्वासाचा उगम सांगताना पौल आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. गुरूचे किंवा शाळेचे नाव तो तेथे घेत नाही.

आता गज्जाच्या वाटेवरील रथ पाहा. कुशी राणीचा अधिकारी यशयाचा ग्रंथ वाचत होता. तो मोठ्याने वाचत होता, म्हणून तर फिलिप्पाला ऐकू गेले. फिलिप्पाने काय केले, याचा क्रम नीट लक्षात घ्या. प्रथम तो जवळ गेला. मग त्याने ऐकले. नंतर वाचलेले समजते की नाही, असे त्याने विचारले. बोलावणे आल्यावर तो रथात चढून अधिकाऱ्याच्या शेजारी बसला. आणि मग, त्याच वचनापासून आरंभ करून, त्याने त्याला समजावून सांगितले. ऐकणे, विचारणे, शेजारी बसणे आणि शेवटी समजावणे, असा तो क्रम होता. आपण पालक बहुधा हा क्रम उलटा करतो. समजावण्यापासून, किंबहुना रागावण्यापासून, आरंभ करतो आणि शेजारी बसावयाचे विसरतो.

एज्राच्या काळी लोक पाणीवेशीसमोर जमले तेव्हाही नुसते वाचन झाले नाही. ग्रंथ स्पष्ट वाचण्यात आला, त्याचा अर्थ सांगण्यात आला, आणि लोकांना तो समजला (नहे. ८:८). स्पष्ट उच्चार, अर्थ व समज ही तिन्ही मिळून वाचन पुरे होते.

गंगामूळच्या अरण्यातील शिक्षण

आपल्या महाराष्ट्रीय मंडळीच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे, आणि योगायोग असा की ते कर्नाटकाच्या भूमीतूनच सुरू होते. पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. हे स्थान आजच्या कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले होते. रमाबाई शिकण्याच्या वयात आल्या तेव्हा वडील वृद्ध झाले होते. म्हणून आठव्या वर्षापासून सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना आईनेच शिकवले.

घरकामाचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचा व्याप मोठा असल्यामुळे आईला दिवसा सवड नसे. म्हणून ती पहाटे, उजाडण्यापूर्वी, झोपेने जड झालेल्या मुलीला उचलून घेई, लाडाने जागी करी आणि पाठ म्हणून घेई. त्या वेळी हातात पोथी नसे. आईचे ओठ हाच मुलीचा ग्रंथ होता. ती लहान मुलगी कोणत्याही शाळेत गेली नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या भटकंतीत आईबाप निवर्तले. परंतु तिला मिळालेली विद्या इतकी खोल होती की १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिचा 'पंडिता' म्हणून गौरव केला.

यातील आणखी एक गोष्ट आपल्या विषयाला विशेष लागू आहे. संस्कृत आईने मुद्दाम शिकवले. पण मराठी रमाबाईंना कोणी धडे देऊन शिकवली नव्हती. आईवडील घरात मराठी बोलत, आणि त्या भाषेतील वर्तमानपत्रे व पुस्तके वाचण्याचा परिपाठ होता. तेवढ्यावर त्यांना शुद्ध मराठी अवगत झाली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. प्रवासात त्याच रीतीने त्यांनी कानडी, हिंदुस्थानी व बंगाली या भाषाही आत्मसात केल्या.

त्या मुलीने पुढे काय केले हे आपण जाणतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे तिचा बाप्तिस्मा झाला. आयुष्याच्या उत्तरार्धात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, तिने मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही समजावे इतकी साधी भाषा असावी, हा तिचा आग्रह होता. मुक्तीतील स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळवले व ते छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या, त्यापूर्वी भाषांतराचे काम पुरे झाले होते. पहाटेच्या अंधारात एका आईने मुलीला जवळ घेतले नसते, तर हे भाषांतर आपल्या हाती आले असते काय, याचा विचार वाचकांनी करावा.

मुलाजवळ अर्धी किल्ली आहे

"पण आमच्या मुलांना शाळेत मराठी नाही," असे बेंगळूरुतील पालक म्हणतील. हे खरे. पुष्कळ शाळांत इंग्रजी हे माध्यम, कन्नड ही दुसरी भाषा आणि तिसरी बहुधा हिंदी असते. परंतु थोडे थांबून पाहावे. जे मूल हिंदी वाचते त्याला देवनागरी लिपी येतेच. जे मूल घरी मराठी बोलते त्याला शब्द येतात. म्हणजे किल्लीचे दोन्ही भाग त्याच्याजवळ आहेत. ते जोडून देण्याचे काम तेवढे उरते.

हिंदी शिकलेले मूल मराठी वाचताना नेमके कोठे अडते, हे पालकांना ठाऊक असले तर बरीच वाट सोपी होते. पहिले अक्षर 'ळ'. हिंदीच्या पुस्तकात ते भेटत नाही. परंतु कन्नडमध्ये त्याचा उच्चार नित्याचा आहे, आणि खुद्द बेंगळूरु या नावातच तो आहे. मुलाला एवढे दाखवून दिले की 'बाळ', 'सकाळ', 'देऊळ' हे शब्द तो आपण होऊन म्हणतो. दुसरी अडचण च, ज, झ यांची. 'चार' या संख्येतला च आणि गुरांच्या 'चारा' या शब्दातला च यांत भेद आहे. 'जीवन' व 'जागा' यांतही तसाच आहे. हा भेद लिहिण्यात दिसत नाही, तो कानानेच कळतो. तिसरी गोष्ट 'ज्ञ'. हिंदीच्या सवयीने मूल 'ज्ञान' हा शब्द 'ग्यान' असा वाचील. आपल्याकडे तो 'द्न्यान' असा उच्चारतात. चौथी गोष्ट आडव्या रेघेचा अर्धा र. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हे दोन शब्द शेजारी लिहून दाखवले की मुलांना गंमत वाटते. काही मराठी पुस्तकांत 'ल' व 'श' यांची वळणेही हिंदीहून निराळी असतात. एवढ्या गोष्टी आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटे दाखवल्या, तर एका महिन्यात बहुतेक मुले सावकाश का होईना, मराठी वाचू लागतात.

इंग्रजी व कन्नड बिघडेल, ही भीती बाळगू नये. अक्षर म्हणजे ध्वनीची खूण, हे तत्त्व मुलाला एकदा उमगले की ते प्रत्येक भाषेत उपयोगी पडते. एका भाषेत गोष्टीचा धागा पकडावयास शिकलेले मूल तो दुसऱ्या भाषेतही पकडते. आणि कन्नड ही आपल्या मुलांच्या शेजाऱ्यांची भाषा आहे. तिचा आदर घरात झालाच पाहिजे. मूल आपल्याला दुकानांच्या पाट्या वाचावयास शिकवू लागले तर आपण आनंदाने त्याचे विद्यार्थी व्हावे.

चार वेळा

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे वडीलधाऱ्यांना चार वेळा नेमून देतो : घरी बसलेले असताना, वाटेने चालत असताना, निजताना व उठताना. या चार वेळा आजच्या घरातही सापडतात.

घरी बसलेले असताना : दिवसातून पंधरा मिनिटे अशी ठरवावी की ज्या वेळी दूरदर्शन संच बंद, मोबाइल दूर आणि घरातील प्रत्येक माणसाच्या हातात काहीतरी छापलेले असेल. वडिलांच्या हातात ते प्रथम असावे. वडील मोबाइलवर बोट फिरवत "वाच रे" असे म्हणतील, तर मूल त्यांचे शब्द ऐकणार नाही. ते त्यांचे बोट पाहील.

वाटेने चालत असताना : बेंगळूरुच्या वाहतुकीत शाळेच्या व कचेरीच्या वाटेवर किती वेळ जातो हे सर्वांना ठाऊक आहे. तो वेळ गोष्टीला द्यावा. काल वाचलेली गोष्ट आज मुलाने आपल्याला सांगावी. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकले येथे काल थांबलो होतो. पुढे काय होईल? उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ घरात का येईना? 'होय' किंवा 'नाही' एवढ्यावर भागणार नाही असे प्रश्न विचारावे. गोष्ट आपल्या शब्दांत सांगता येणे हीच समजुतीची खरी परीक्षा होय.

निजताना : ही वेळ लहान मुलांसाठी सर्वांत उत्तम. पालकाने वाचावे व मुलाने ऐकावे. मूल स्वतः वाचू लागले तरी हे बंद करू नये. दहा-अकरा वर्षांचे मूलही ऐकण्यास उत्सुक असते. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर कंटाळू नये. ओळखीची गोष्ट पुन्हा ऐकताना मूल पुढचा शब्द मनात आधीच म्हणत असते, आणि तेथेच त्याचे वाचन पक्के होत जाते. 'कनवाळू', 'सार्वकालिक', 'नीतिमत्त्व' असे शास्त्रातील शब्द मुलाच्या कानावरून आधी गेलेले असले, तर पुढे ते छापलेले दिसताच परके वाटत नाहीत.

उठताना : सकाळी घाई असते, तेव्हा एकच वचन पुरे. आदल्या रात्री ते पाटीवर किंवा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्याहारीच्या जागी ठेवावे. घरातील सर्वांत लहान वाचणाऱ्याने ते वाचावे. आठवड्याच्या शेवटी सात कागद जमतात. वर्षाच्या शेवटी मुलाच्या हाती त्याचे स्वतःचे पुस्तक तयार होते.

एक कबुली

येथे प्रस्तुत लेखकाने आपली चूक सांगणे योग्य होईल. मुलगी नऊ वर्षांची असताना मी तिला रोज रात्री मार्काच्या शुभवर्तमानातील दहा ओव्या मोठ्याने वाचावयास लावीत असे. ती चुकली की मी तेथेच थांबवी, शब्द पुन्हा म्हणावयास लावी. माझा हेतू चांगला होता. तीन आठवड्यांत असे झाले की प्रार्थनेची वेळ जवळ आली की तिच्या पोटात दुखू लागे.

त्याच सुमारास माझी आई आमच्याकडे आली होती, आणि तिच्या चष्म्याची काच फुटली. नवी बसण्यास काही दिवस लागणार होते. ती नातीला म्हणाली, "बाळा, माझं वाचायचं अडलंय. एवढं दाखवतेस का वाचून?" मुलीने वाचले. तिने अनेक चुका केल्या. मी शेजारच्या खोलीत त्या मोजतही होतो. आईने एकही चूक काढली नाही. मधूनमधून ती फक्त "मग?" एवढेच म्हणे. चष्मा आला तरी ते वाचन थांबले नाही. मी मुलीला परीक्षार्थी केले होते. माझ्या आईने तिला उपयोगी माणूस केले. लोईस आजीचे काम काय असते हे मला त्या दिवशी समजले.

तेव्हापासून आमच्या घरी काही नियम पाळले जातात, ते येथे देतो. मूल अडले तर मनात पाचपर्यंत अंक मोजावे. बहुधा तेवढ्यात त्याला शब्द सापडतो. न सापडल्यास आपण तो शांतपणे सांगावा व पुढे जावे. अर्थ बदलत नसेल अशी चूक सोडून द्यावी. वाचन संपल्यावर एकच शब्द निवडून तो नीट दाखवावा, दोन नव्हे. एका पानावर पाचाहून अधिक शब्द अडत असतील, तर ते पुस्तक आज मुलाने वाचण्याचे नसून आपण त्याला वाचून दाखवण्याचे आहे असे समजावे. कठीण उतारा दोघांनी एका सुरात वाचावा. मुलाला धीर आला की त्याने आपल्या हाताला बोट लावावे, मग आपण गप्प व्हावे. आणि पवित्र शास्त्राचे वाचन कधीही शिक्षा म्हणून देऊ नये. जे पुस्तक शिक्षेच्या रूपाने हातात आले, त्यातील कृपेचा संदेश मुलाच्या मनापर्यंत कसा पोहोचेल?

मूल मागे पडत असेल तर

काही मुले प्रेमाने व नियमाने प्रयत्न करूनही वाचनात फार मागे राहतात. ती अक्षरांची अदलाबदल करतात, ओळ सोडतात, कालचा शब्द आज विसरतात. इतर बाबतींत मात्र चतुर असतात. अशा मुलाची प्रथम दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे. ते ठीक असल्यास वाचनातील विशिष्ट अक्षमता, म्हणजे डिसलेक्सिया, आहे काय हे तज्ज्ञांकडून पाहावे. बेंगळूरुतील निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था या कामासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिने तयार केलेली चाचणी अन्यत्रही वापरली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश झाला असून अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळू शकतात. हा आळस नव्हे, बुद्धीची उणीव नव्हे, आणि आईबापांच्या पापाचे फळ तर मुळीच नव्हे. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला असता प्रभूने तो नाकारला, हे आपण विसरू नये (योहान ९:१-३). अशा मुलाला वाचून दाखवणे अधिक वाढवावे. त्याच्या कानाची वाट मोकळी आहे.

"मलाच नीट वाचता येत नाही"

अनेक तरुण पालक स्वतः इंग्रजी माध्यमातून शिकलेले आहेत व मराठी वाचताना संकोचतात. काही घरांत आईला शाळेची संधीच मिळाली नाही. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहावे. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. विवाहानंतर पती नारायण वामन टिळक यांच्याकडून त्या घरीच लिहावयास-वाचावयास शिकल्या. त्याच लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले, आणि आज मराठीतील श्रेष्ठ गद्यग्रंथांत त्याची गणना होते. तेव्हा मुलाबरोबर शिकावयास लाजू नये. "हा शब्द मलाही अडतो, आपण दोघे पाहू," असे म्हणणारा बाप मुलाच्या नजरेत लहान होत नाही. ज्या आईला मुळीच वाचता येत नाही तिनेही मुलाजवळ बसून ऐकावे आणि "मग?" म्हणावे. दूर राहणाऱ्या आजी-आजोबांनी व्हिडिओ कॉलवर आठवड्यातून एकदा गोष्ट वाचून दाखवावी. पुढच्या आठवड्यात नातवाने त्यांना वाचून दाखवावी.

पुस्तके कोठून आणावी?

परराज्यात मराठी पुस्तके दुर्मीळ असतात, हे पूर्वी खरे होते; आता तेवढे खरे नाही. बेंगळूरुतच २००४ साली स्थापन झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' नावाचा संग्रह इंटरनेटवर खुला केला आहे. त्यात मराठीसह अनेक भाषांतील सचित्र बालपुस्तके विनामूल्य मिळतात. एकच गोष्ट कन्नड, इंग्रजी व मराठी अशा तीन भाषांत शेजारी ठेवून वाचता येते, हा आपल्या मुलांसाठी विशेष लाभ. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते व त्याचे जुने अंकही इंटरनेटवर पाहता येतात. लहान मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी पुस्तके आणि थोड्या मोठ्यांसाठी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' घरात असावा. सर्वच पुस्तके धार्मिक असावीत असा हट्ट धरू नये. वाचनाची गोडी लागलेले मूल पवित्र शास्त्रही गोडीने वाचील.

पवित्र शास्त्रासाठी बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय बेंगळूरुतच, महात्मा गांधी मार्गावर आहे. जुन्या भाषांतराची भाषा मुलांना जड जात असल्यास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' वाचून पाहावे. त्या ग्रंथास २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. महिन्यातून एका शनिवारी कब्बन पार्कमधील लाल इमारतीतल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांना न्यावे. आणि आपल्या मंडळीत मराठी कुटुंबे थोडी असली तरी प्रत्येकाने दहा पुस्तके आणली, तर एका पेटीत मावणारे वाचनालय तयार होते. उपासनेनंतर ती पेटी उघडावी. नोंद ठेवण्याचे काम मुलांवरच सोपवावे.

समारोप

प्रिय पालकहो, आपण मुलांसाठी पुष्कळ काही साठवतो. पण आजीच्या पवित्र शास्त्रातील समासावरची टिपणे कोणत्याही बँकेत ठेवता येत नाहीत. ती वाचू शकणारा एक नातू असला तरच ती टिकतात. पुढच्या मे महिन्यात पुन्हा ती प्रार्थनेची वेळ येईल. नातू पहिल्या ओळीत कदाचित अडखळेलही. अडखळू द्या. आजीने पुस्तक ओढून घेऊ नये, आईने ओशाळू नये. शेजारी सरकून बसावे आणि पाचपर्यंत मोजावे. एवढा धीर प्रभू आपल्याला देवो. त्या धीराची सुरुवात आज रात्रीच्या पंधरा मिनिटांपासून करू या.

विचारासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. फिलिप्पाने रथातील वाचकाजवळ जाऊन कोणत्या क्रमाने कृती केली? आपल्या घरात यांपैकी कोणती पायरी राहून जाते?

२. तीमथ्याचे घर व आपले घर यांत कोणते साम्य आढळते? आपल्या कुटुंबात लोईसचे काम कोण करू शकेल?

३. रमाबाईंना संस्कृत एका रीतीने व मराठी दुसऱ्या रीतीने मिळाली. या दोन रीतींतील भेद सांगा. आपल्या मुलांना मराठी कोणत्या रीतीने मिळत आहे?

४. अनुवादातील चार वेळांपैकी कोणती वेळ आपल्या घरी सहज साधेल? तिचा आरंभ या आठवड्यात कोणत्या दिवशी कराल?

५. आपल्या मंडळीत वाचनात मागे पडलेले एखादे मूल आहे काय? त्याच्या आईबापांना दोष न देता मंडळी कोणते साहाय्य करू शकेल?